कपाशीवर गुळाचं पाणी फवारताना

पहिल्यांदाच करताय, तर एक गोष्ट आधी पक्की करा: पानांमागे थोडा तरी मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसायला हवा. गोडाच्या ओढीने ढालकिडे आणि क्रायसोपा हे माव्याला आवरणारे मित्रकीटक येतील, पण भक्ष्य नसेल तर ते टिकणार नाहीत.

10 लिटर पाण्यात 1 किलो गूळ विरघळवा आणि दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल हमखास तुंबतं. सगळं शेत भिजवू नका. दर आठ-दहा ओळींनंतर एकच ओळ, तीही संध्याकाळी, जाड थेंबांनी. दुपारी फवारलं तर पाणी उडून गूळ लगेच सुकतो. पाऊस आला तर सगळं धुऊन जातं. थर जाड झाला की पानावर काळी बुरशी चढते, मुंग्याही लागतात. मुंग्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात, म्हणून त्या दिसल्या की थांबा.

तणनाशकाचा पंप मात्र अजिबात वापरू नका! 2,4-डीचा अंश राहिला तरी कपाशीची पानं आकसतात.

पुढचे काही दिवस पानं उलटून बघत राहा. केसासारख्या बारीक दांडीच्या टोकाला हिरवट अंडं दिसलं, तर ते क्रायसोपाचं. त्यातून निघणारी अळीच मावा खाते, तेव्हा कीटकनाशकाला हात लावू नका.