बाप्पा आले, सोफा हलला आणि पोरगा बिथरला

गणपती झाले की आठवडाभर माझा इनबॉक्स ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबाबांच्या मेसेजनी भरलेला असतो. यावेळी चार प्रश्न घेतेय.

प्रश्न: मुलगा ६ वर्षांचा. मखरासाठी हॉलमधला सोफा बेडरूममध्ये नेला तर त्याने दोन तास घर डोक्यावर घेतलं, सोफा परत आणला तरी थांबेना. सासूबाई म्हणतात लाडावलाय. खरंच हट्ट आहे का?

नाही हो. हट्ट करणारं मूल रडता रडता मधेच हळूच बघून घेतं, आई बघतेय ना, आणि हवं ते मिळालं की गप्प. तुमचा मुलगा सोफा परत येऊनही शांत झाला नाही म्हणजे तो मेल्टडाउन, तिथे त्याच्याही हातात काही नसतं. तेव्हा समजावायला जाऊ नका, "काय झालं, काय झालं" तर अजिबात नको, पाहुण्यांना बाहेर काढा, लाईट-पंख्याचा त्रास होत असेल तर बंद करा आणि नुसतं जवळ बसा.

आपल्याला तो सोफा म्हणजे फर्निचर, त्याच्यासाठी शाळेतून आल्यावर टेकायची जागा म्हणजे दिवस नीट चाललाय याची खूण. पुढच्या वर्षी चार दिवस आधी हलवा, त्याच्या डोळ्यांदेखत, एक उशी त्यालाच उचलायला द्या. कॅलेंडरवर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सोफ्याचा फोटो चिकटवा आणि त्या दिवशी सोफा खरंच परत आला पाहिजे हं, तिथे आळस केलात तर पुढच्या वेळी कॅलेंडरवर विश्वास कोण ठेवणार! सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या, रोज रात्री नातवासोबत एका दिवसावर फुली मारायचं.

प्रश्न: दिवाळीत ट्रेनने कोकणात जायचंय, मुलगी ८ वर्षांची. गणपतीत आरतीला कान झाकून किंचाळली होती.

वेळ सांगू नका, क्रम सांगा. "दोन वाजता पोचू" म्हणालात आणि गाडी रोह्याच्या पुढे क्रॉसिंगला उभी राहिली की संपलंच. स्टेशन, गाडी, बोगदे, रिक्षा, आजीचं घर अशी चित्रं ओळीने लावा आणि त्यात "गाडी थांबली" असंही एक कार्ड ठेवा, हे कार्ड सगळे विसरतात आणि नेमकं तेच लागतं. तिची रोजची ताटली आणि चादर घ्या, चादर मुद्दाम धुऊ नका, घरचा वास राहू दे. गावी पोचल्या पोचल्या आधी तिला तिची शांत खोली दाखवा, मग नातेवाईक. फटाके लागले की इअरमफ घालून तिथेच बसू दे, आणि आरती पुढच्या वर्षी अंगणातून ऐकली तरी चालते की, मखरासमोर उभं केलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

प्रश्न: स्कूलबसचे काका बदलले, मुलगा बसमध्ये चढत नाही.

नव्या काकांचा आणि बसचा फोटो घ्या, दोन दिवस घरी दाखवा. मग सुट्टीच्या दिवशी उभ्या बसमध्ये चढून त्याच्या सीटवर फक्त बसून या. सीट तीच ठेवा, एवढं काकांना सांगाच.

प्रश्न: थेरपी सेंटर दहा दिवस बंद होतं. मी केंद्र सरकारी नोकरीत आहे, सगळं एकटीने केलं, आता रोज रात्री रडू येतं.

दहा दिवसांनी एवढं काही बिघडत नाही, घराचं सेंटर करू नका. झोपायची वेळ आणि त्याआधीच्या दोन गोष्टी तेवढ्या तशाच ठेवा, बाकी सुटलं तर सुटू दे. तुमच्यासाठी, चाइल्ड केअर लीव्ह, म्हणजे मुलांना सांभाळायची रजा, अख्ख्या नोकरीत ७३० दिवस मिळते आणि अपंगत्व असलेल्या मुलासाठी वय १८ च्या आत हवं ही अट नसते, त्यासाठी अपंगत्वाचं सर्टिफिकेट हवं, ते काढलं नसेल तर आधी काढा. नॅशनल ट्रस्ट म्हणून ऑटिझमसारख्या अपंगत्वासाठी केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचं आरोग्य कव्हर आहे, त्यात थेरपीही येते. पण हे कागद होईपर्यंत रडू थांबत नसेल तर स्वतःसाठी डॉक्टरकडे जा, मुलाच्या अपॉइंटमेंटला जोडून नाही, वेगळं.

आणि आजपासून साडेनऊ ते दहा नवऱ्याची ड्युटी. मुलगा आधी दोन दिवस तुम्हालाच हाका मारेल, तरी तुम्ही गच्चीवर जा. फोन घरी ठेवून.