‘अप्रिशिएट’ म्हणजे नक्की काय? कौतुक करणे की आभार मानणे?

शब्दकोशात पहिला अर्थ ‘कौतुक करणे’ सापडला की तिथेच थांबू नका. मी थांबलो होतो.

नोकरीत नवा होतो. बदली रद्द करा म्हणून साहेबांना लांबलचक मेल लिहिली. उत्तर आलं, ‘आय अप्रिशिएट युअर सिच्युएशन, बट...’ मी ‘बट’पर्यंतच वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राला म्हटलं, साहेबांनी कौतुक केलंय, काम झालं! त्याने स्क्रीनमध्ये डोकं घातलं. ‘‘अरे, कौतुक कसलं? तुझी अडचण समजली, एवढंच म्हणतायत. पुढची ओळ वाच.’’ पुढच्या ओळीत रुजू व्हायची तारीख होती. मी जाईपर्यंत या गाढवाने सगळ्या मजल्याला ही गोष्ट सांगून टाकली होती.

मूळ लॅटिन शब्द ‘प्रेतिउम’, म्हणजे किंमत. प्राइस, प्रेशस, प्रेझ ही सगळी त्याच घरची. ‘त्याला माणसाची किंमत नाही’ असं आपण म्हणतो ना, तीच ही किंमत. ती ओळखली की कौतुकही होतं, आभारही होतात, नाहीतर माझ्या बाबतीत झालं तशी नुसती अडचण ‘समजते’. मराठीत ‘कदर करणे’ त्यातल्या त्यात जवळचं.

आता त्या मित्राचं. तो स्वतः प्रत्येक मेलमध्ये लिहायचा, ‘आय वुड अप्रिशिएट इफ यू सेंड द रिपोर्ट.’ यात ‘इट’ लागतो: ‘अप्रिशिएट इट इफ’. कदर करणार, पण कशाची? कर्म नको? मी हे म्हटल्यावर तो म्हणाला, हे क्रियापद अकर्मकही चालतं, कोश बघ. चालतं की! जमीन अप्रिशिएट होते, चलन होतं, आणि त्याच्या उलट ते डिप्रिशिएट. पण तिथे अर्थ ‘भाव वधारणे’ असा आहे. म्हणजे तो लिहीत होता, ‘तुम्ही रिपोर्ट पाठवलात तर माझा भाव वधारेल.’

बोलताना पुष्कळ लोक ‘इट’ गाळतात आणि कुणाचं काही अडत नाही, हे मान्य. पण तो बोलत नव्हता, लिहीत होता. तेही त्याच साहेबांना.