पुणे–सासवड–भोर–वाई: महामार्ग सोडून एका दिवसात

नोव्हेंबरात आईवडिलांना घेऊन, शेताशिवारातल्या रस्त्यांनी पुण्याहून वाईला जायचं आणि जमलं तर महाबळेश्वर करून रात्री परतायचं, असा तुमचा बेत आहे. आधी महाबळेश्वर काढून टाका. या रस्त्यांवर सरासरी ताशी ३० किमीच धरायची. फोनमधला नकाशा जी वेळ दाखवतो तिच्यात रस्त्यात उभी एसटी, आडवी आलेली जनावरं आणि आईला चहा हवा म्हणून केलेला थांबा धरलेला नसतो.

मार्ग हडपसर, दिवे घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, भोर, मांढरदेवी, वाई असा. साधारण ११० किमी. नकाशात थेट ‘वाई’ टाकलंत तर तो तुम्हाला महामार्गावरच नेणार, म्हणून एकेक गाव टाकत जा. भोरपुढे डोंगरात रेंज जाते, तेव्हा नकाशा घरीच फोनमध्ये डाउनलोड करून घ्या.

क्रम उलटा करू नका. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू होते आणि अंधार पडल्यावर ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. त्यामुळे अरुंद रस्ते आणि घाट दुपारपर्यंत संपवायचे आणि संध्याकाळ महामार्गावर काढायची.

सहाला हडपसर सोडा. दिवे घाटात मस्तानी तलाव दिसतो, पण वळणावर गाडी उभी करू नका. सासवडला नाश्ता आणि कऱ्हाकाठचं संगमेश्वर मंदिर. पुढे पुरंदरचा डोंगर डाव्या हाताला राहतो आणि दोन्ही बाजूंना अंजीर-सीताफळाच्या बागा लागतात. सीताफळाचा हंगाम सरत आलेला असतो. मिळालीच तर डोळे उघडलेली पण अजून कडक असलेली घ्या, पिकलेली गाडीच्या उन्हात दुपारपर्यंत फुटतात. नारायणपूरला गुरुवारी आणि पौर्णिमेला दत्तदर्शनाची गर्दी असते, मांढरदेवीला मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे तुमच्यासाठी बुधवार उत्तम, पौर्णिमा तेवढी टाळा.

कापूरहोळला महामार्ग ओलांडून भोरची वाट धरायची. खरी मजा इथून. दिवाळीच्या आगेमागे भातकापणी चालू असते, खाचरं पिवळी झालेली असतात, बांधावर भारे पडलेले. भोरच्या अलीकडे नदीचं गोल वळण दिसतं तो नेकलेस पॉइंट. गाडी पूर्ण रस्त्याबाहेर, कडेला घेऊनच थांबा. भोरमध्ये राजवाडा बाहेरून बघा आणि टाकी भरून घ्या, पुढे वाईपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. भोरहून एक रस्ता वरंधा घाटाने महाडला उतरतो. बरेच जण तिथेच चुकतात. तुम्हाला आंबाडे, मांढरदेवी विचारायचं.

मांढरदेवीचा घाट चढायला सोपा, त्रास वाईकडे उतरताना. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक दुसऱ्यात. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर पॅड तापतात, जळका वास येतो आणि ब्रेकची पकड कमी होते. वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी थांबवा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. आणि निघण्याआधी स्टेपनीतली हवा तपासा. चारही चाकं तपासून तीच विसरतात.

वाईला एकपर्यंत पोचाल. जेवण, ढोल्या गणपती, मग ३ किमीवरचं मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे आणि तिथल्या मंदिरात वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत; वडिलांचे गुडघे दुखत असतील तर वरच्या पायरीवर बसूनही नदी छान दिसते, त्यासाठी तासभर राखूनच ठेवा. साडेचारला निघून सुरूर फाट्यावर महामार्गाला लागा. पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, घाट चढावा लागत नाही. रविवार असेल तर खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून पुढे रांग असणार हे गृहीत धरा आणि एक तास जास्तीचा ठेवा.