वर्गावर जाण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून तुझी निवड झाली, बीड जिल्ह्यातली द्विशिक्षकी शाळा मिळाली, हे वाचून फार आनंद झाला. तिसरी-चौथी तुझ्याकडे येणार म्हणतेस. नियोजन, साहित्य ही तयारी तू करशीलच. मला एकच सांगायचंय: शिकवायला लागण्याआधी प्रत्येक मुलाला नेमकं काय येतं ते बघ.

एखाद्या वहीत ४२ − १७ = ३५ असं दिसेल. लाल फुली मारून पुढे जाऊ नकोस. त्याला जवळ बसव आणि विचार, "कसं केलंस, सांग बरं." तो म्हणेल, सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे वजाबाकी त्याला येते; मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, एवढंच त्याने धरून ठेवलंय. आणखी वीस गणितं घातलीस तर वीसही तशीच चुकतील. त्यापेक्षा दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेव आणि सतरा माग. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर तो अडेल. तिथे तू गप्प राहा. गठ्ठा त्याच्याच हाताने सुटू दे, हातचा फळ्यावर नंतर मांड.

वाचनाचंही तसंच. काही मुलं धडा घडाघडा म्हणतात, बोटही ओळीवरून फिरत असतं. मधलाच एखादा शब्द दाखवून बघ. गडबडलं तर समज, ऐकून पाठ केलंय. दोन वर्ग एकत्र बसतात तिथे मोठ्यांच्या मागे म्हणत म्हणत अशी मुलं चौथीपर्यंत सहज येतात. त्यांना चारचौघांत उघडं पाडू नकोस. मधल्या सुट्टीत खिचडी झाली की दहा मिनिटं जवळ घे. बंजारा तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी, म्हणजे त्यांची बंजारा बोली, बोलतात. ती गप्प आहेत म्हणजे त्यांना येत नाही असं धरू नकोस. आधी त्यांच्या बोलीत सांगू दे, वर्गातलंच कुणीतरी तुला मराठीत सांगेल.

छडी नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहेच. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मार खाल्लेलं मूल "कसं केलंस" याचं खरं उत्तर कधीच देत नाही.

यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, केंद्रप्रमुखांनी तातडीने मागवलेली माहिती, हे सगळं येणारच. शाळा सुटल्यावर कर, तासाला मोबाईल बाजूला ठेव.

दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला निघतात आणि पोरंही जातात. त्याआधीच घरोघरी जा, शाळा व्यवस्थापन समितीशी बोल, हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ कोण राहू शकेल ते बघ. ज्यांना जावंच लागेल त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड मिळतं, त्यासोबत तुझ्या अक्षरात एक कागद दे: दोन अंकी बेरीज येते, हातच्याची वजाबाकी येत नाही, जोडाक्षरांना अडतो. कारखान्याजवळच्या शाळेतल्या गुरुजींना तिथूनच पुढे नेता येईल. अशा नोंदी जुलैपासूनच ठेव, म्हणजे ऐन वेळी धावपळ होणार नाही. पहिली चाचणी झाली की चार-पाच वह्यांचे फोटो मला पाठव, फोनवर बसून बघू.

तुझ्या,
बाई