अ‍ॅपवरचा नैराश्याचा आकडा कसा वाचावा?

प्रश्न : नैराश्यासाठी माझे उपचार सुरू आहेत. मोबाइलवर मी पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी चाचणी रोज भरते. गुण कधी ११ येतात, कधी १४. आजार वाढतोय का?

उत्तर : एवढ्या फरकावरून तसं म्हणता येत नाही. ही चाचणी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. रोज भरली की बहुतेक तेच दिवस पुन्हा मोजले जातात आणि त्या दिवशीचा मूड उत्तरांत उतरतो. दोन आठवड्यांनी एकदा, शक्यतो ठरावीक वेळी भरा. नऊ प्रश्नांना प्रत्येकी ० ते ३, एकूण २७ गुण. १० ते १४ म्हणजे मध्यम लक्षणं. तुमचे दोन्ही आकडे त्यातच बसतात. साधारण पाच गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात.

नुसती बेरीज पाहू नका. थकवा, झोप, भूक यांचे गुण थायरॉइडच्या त्रासानेही वाढतात, म्हणून डॉक्टरांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दाखवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याहून जास्त काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. अ‍ॅपच्या पुढच्या सूचनेची वाट पाहू नका.