गहू सोडण्याआधी रक्त तपासून घ्या

ताई, पोळी खाल्ली की तासाभरात पोट तट्ट फुगतं, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही, म्हणून सोमवारपासून महिनाभर गहू बंद करून बघणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपया थांबा. मी डॉक्टर नाही, पण हीच चूक मला दीड वर्षाला पडली.

मला एका दवाखान्यात एवढंच सांगितलं, "गहू सोडा, तीन महिन्यांनी या." सोडला, बरं वाटलं. तीन महिन्यांनी तिथेच सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते त्या आजाराची, तपासणी केली, रिपोर्ट नॉर्मल. "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." टीटीजी ही सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी ग्लुटेनमुळे वाढणारी अँटीबॉडी मोजते, गहू पोटातच जात नसेल तर ती ओसरते. हे तिथे कुणाला ठाऊक नसेल असं मला आजही वाटत नाही. विचारायची तसदी घेतली नाही, बस! मग वर्षभर माझं कधी खा, कधी सोड चाललं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी ६ आठवडे रोज दोन्ही वेळा पोळी खायला लावली, मग रक्त, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा. ते ६ आठवडे ऑफिसात डबा उघडला की पोळ्या बघूनच रडू यायचं.

म्हणून तुम्ही आत्ता, पोळी चालू असतानाच टीटीजी-आयजीए आणि सोबत टोटल आयजीए (रक्तातल्या आयजीए प्रकारच्या अँटीबॉडी एकूण किती, ते) करून घ्या. टोटल मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवते. चाळीस-पन्नास पदार्थांची 'काय चालत नाही' यादी देणाऱ्या आयजीजी टेस्टवर मात्र पैसे घालू नका. तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, यापलीकडे त्यातून फारसं कळत नाही.

सिलिअ‍ॅक नाही निघालं तर गव्हातलं फ्रुक्टन नावाचं कर्बोदक त्रास देत असेल. तेच कांदा-लसणात असतं. ते पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून फोडणीत लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या तर मला तरी वाटतं बऱ्याच जणांना चालेल. तुमच्या डॉक्टरांना विचारून करा.

आणि सिलिअ‍ॅक निघालंच तर ज्वारी गिरणीत देऊ नका. आधी गहू दळलेला असतो, तेच पीठ तुमच्या भाकरीत येतं. माझा त्रास घरघंटी घेतल्यावरच थांबला. हिंगाच्या डबीवरचे घटकही वाचा, बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो.