फळ्यावरची पाणीपातळी

"मूल शाळेत जाते, अभ्यासही करते, पण शाळा त्याला आपली वाटत नाही, काय करावे?" हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा पालक घेऊन येतात. गेल्या वर्षी जुलैच्या मध्यात तो एका मुख्याध्यापिका बाईंनी विचारला आणि पुढे वर्षभर आम्ही दोघींनी त्यावर काम केले. त्यांच्या आणि संबंधित कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, तो अनुभव येथे मांडत आहे.

बाईंची शाळा कोल्हापुरातील एका जुन्या पेठेत आहे. २६ जूनला शाहू जयंतीची प्रभातफेरी निघते, परिपाठात समतेची गाणी होतात आणि दारात आलेल्या मुलाला प्रवेश नाकारला जात नाही. "आमच्याकडे दुजाभाव नाही हो मॅडम," असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि ते खरेही होते. तरीसुद्धा सातवीतील एका मुलाच्या आईने कार्यालयात येऊन दाखला मागितला होता. वडिलांना उद्यमनगरातील फाउंड्रीत काम मिळाल्यामुळे हे कुटुंब लातूरहून आले होते. पहिल्याच आठवड्यात मुलाने वर्गात "कामून?" असे विचारले आणि 'का' या अर्थाने मराठवाड्यात सर्रास वापरला जाणारा तो शब्दच त्याचे टोपणनाव झाला. त्यानंतर त्याने प्रश्न विचारणे सोडले, डबा न उघडता परत येऊ लागला आणि सोमवारी सकाळी पोट दुखू लागले.

बाईंनी मनापासून उपाय केले. परिपाठात त्याला पुढे बोलावून ओळख करून दिली, एकोप्यावर चार शब्द सांगितले. त्यामुळे तो अधिकच वेगळा दिसू लागला. मीही सुरुवातीला वर्गातील एका समजूतदार मुलावर त्याची सोबत सोपवावी असे सुचवले. त्या मुलाने ती गृहपाठासारखी पार पाडली आणि आठवडाभरात सोडून दिली. ही माझी चूक होती, कारण सांगून केलेली मैत्री मुलांना लगेच ओळखू येते.

खरी गोष्ट ऑगस्टमध्ये कळली. पुराची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा वर्गशिक्षकांनी नदीकाठच्या गावांतील प्रत्येक मुलाची विचारपूस केली होती. हा मुलगा आजोबांच्या आजारपणामुळे लातूरला गेला होता आणि आणखी चार दिवसांनी परतला. हजेरीपटावर गैरहजेरीची नोंद बिनचूक झाली होती. मात्र तोंडाने कुणीही काही विचारले नव्हते. "मी आलो काय, न आलो काय, कुणाला कळतच नाही," तो फरशीकडे पाहत म्हणाला.

त्याला विचारून मी हे वाक्य बाईंना सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आम्ही दार उघडं ठेवलं, पण आत आलेल्याला बस म्हणालोच नाही." मला शाहू महाराजांची आठवण झाली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा हुकूम १९१७ चा, पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहतील असे पाहिले होते. खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेतल्या जागेइतकीच जेवणाची, झोपण्याची आणि चार ओळखीच्या माणसांची गरज असते, हे त्यांनी जाणले होते, असे मला वाटते.

पुढच्या शिक्षक सभेत आम्ही एकच काम केले. सर्व वर्गांच्या नावांचे तक्ते भिंतीवर लावले आणि ज्या मुलाविषयी गुणांपलीकडची एखादी तरी गोष्ट माहीत असेल, त्याच्या नावापुढे प्रत्येक शिक्षकाने खूण करायची असे ठरले. काही नावांपुढे सात-सात खुणा झाल्या. काही नावांपुढे एकही नव्हती, आणि त्यांत भांडखोर किंवा नापास होणारी मुले जवळजवळ नव्हतीच. बहुतेक सगळी शांत, कुणाला त्रास न देणारी होती. बाईंनी ती नावे आपल्या नोंदवहीत उतरवून घेतली.

विज्ञानाच्या सरांनी त्या मुलाला पर्जन्यमापकाचे काम दिले. रोज सकाळी गच्चीवरच्या मापकातील पाऊस मोजायचा, सरांच्या मोबाईलवर आलेली राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहायची आणि दोन्ही आकडे दर्शनी फळ्यावर लिहायचे. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात लहान मुलांनाही पाठ असते. पंचगंगेला पुन्हा पाणी चढू लागले तेव्हा त्या फळ्याभोवती गर्दी होऊ लागली आणि त्याला यायला उशीर झाला की मुले फाटकाकडे पाहू लागली. कुणीतरी विचारले, "तुमच्यात किती चढतं रे पाणी?" त्यावर त्याने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणले गेले होते, ती आजोबांकडून ऐकलेली हकिकत सांगितली. पुराच्या गावातली मुले ती मधली सुट्टी संपेपर्यंत ऐकत राहिली. त्या दिवशी डबा रिकामा परतला, असे आईने मला फोन करून कळवले.

या आईला मी जे सांगितले ते इतर पालकांनाही सांगेन. "मित्र झाले का?" असे रोज विचारू नये, मुलाला ती परीक्षा वाटते. त्याऐवजी आज कुणाशेजारी बसलास, कुणी काय विचारले, असे सहज विचारावे. महिना उलटूनही डबा, झोप किंवा पोटदुखीची तक्रार सुधारली नाही, तर दाखला काढण्यापूर्वी वर्गशिक्षकांना भेटून, शाळेत याच्यावाचून अडेल असे एखादे छोटे काम देता येईल का, ते विचारावे. टोपणनावाने छळ होत असेल, तर मात्र ते मुलांवर सोडून देऊ नये. बाईंनी संबंधित मुलांना एकेकटे बोलावून ते स्पष्ट शब्दांत थांबवले होते.

दिवाळीनंतर पाऊस संपला आणि फळ्यावर तापमान येऊ लागले. स्नेहसंमेलनात त्याने भाग घेतला नाही; पडदा ओढायला मात्र तो होता. आईने दाखल्याचा विषय पुन्हा काढला नाही. एप्रिलमध्ये बाई नोंदवही घेऊन आल्या, तेव्हा खूण नसलेल्या नावांपैकी तीन अजून तशीच होती. त्यांत नववीतील एक मुलगी होती, जिचा आवाज कसा आहे हेही त्यांना आठवेना. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही त्या तीन नावांसाठी बसणार आहोत.